तोफगोळ्यासाठी बांधलेलं छत : सेंट मेरीज चर्चच्या प्रतिकृतीच्या नोंदी

४ जानेवारी

काम नक्की झालं. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज या इंग्रजांच्या किल्ल्यातलं सेंट मेरीज चर्च करायचं, पण सबंध नाही, फक्त त्याचा आडवा काप. बाहेरची भिंत, खांबांची ओळ, मधलं मोठं कमानी छत, पुन्हा खांब, पुन्हा भिंत. शाळेच्या इतिहास दालनात ते टेबलावर उभं राहील आणि मुलं वाकून आतून छत बघतील.

शिरपूर तालुक्यातल्या मुलांना मद्रासच्या चर्चचं काय, असं बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आपला थाळनेरचा किल्ला घेतला तो मद्रासच्या फौजेनं. तिचा सेनापती सर टॉमस हिस्लॉप. पुढं धुळ्याला ठाणं करून खानदेशचा कारभार लावणारा जॉन ब्रिग्ज हाही मद्रास फौजेचाच अधिकारी. आपल्या तापीकाठावर आलेली सत्ता ज्या किल्ल्यात वाढली, तो किल्ला आतून कसा होता हे पोरांना कळायला हवं. तिथलं चर्च आजही उभं आहे आणि वापरात आहे.

प्रमाण ठरवलं : एका फुटाला अर्धा इंच. चर्चची रुंदी सुमारे ५६ फूट, म्हणजे आपली २८ इंच. बाहेरच्या भिंती ४ फूट जाड, म्हणजे २ इंच. कापाची खोली १२ इंच ठेवतोय.

७ जानेवारी

माजी विद्यार्थी लष्करात आहे, सध्या चेन्नईला. त्यानं फोटो पाठवले. किल्ल्यात आता तमिळनाडूचं सचिवालय आणि विधानसभा आहे, लष्कराची कार्यालयं आहेत. चर्च बघायला ओळखपत्र दाखवून जाता येतं. त्याला सांगितलं होतं की समोरून फोटो नकोत, मध्यभागी उभा राहून सरळ वर बघून काढ. असे फोटो कुठंच सापडत नाहीत. सगळे लोक बाहेरून पांढऱ्या मनोऱ्याचा फोटो काढतात, आणि मनोरा तर मागाहून आलेला. मूळ इमारत १६८० ची; मनोऱ्यावरचा निमुळता कळस १७९५ च्या सुमाराचा.

वर बघितलं की कळतं, छताला एकही तुळई नाही. तीन लांबलचक कमानी छतं शेजारी शेजारी, मधलं रुंद, बाजूची अरुंद. सगळी वीट आणि चुना.

१० जानेवारी

पहिला नमुना थर्मोकोलचा केला. सुबक दिसतो. पण त्याचं छत कागदाचं असतं तरी तो तसाच उभा राहिला असता, मग मुलं त्यातून काय शिकणार? बाजूला ठेवला. थर्मोकोल आणि रंग मिळून ३४० रुपये गेले. ज्यांना फक्त दिखाऊ प्रतिकृती हवी त्यांनी इथंच थांबायला हरकत नाही. मला छतानं स्वतःचं वजन स्वतः उचललेलं दाखवायचं आहे, म्हणून विटाच लागणार.

१९ जानेवारी

गावातल्या कुंभाराकडं छोट्या विटा सांगितल्या : एक इंच लांब, अर्धा इंच रुंद, पाव इंच जाड. माती तारेनं कापून वाळवायची आणि मडक्यांच्या भट्टीतच एका बाजूला भाजायची. ८०० रुपये ठरले.

२ फेब्रुवारी

विटा आल्या, पण एक इंचाच्या नाहीत. माती वाळताना आणि भाजताना आकसते. शिवाय बऱ्याच विटा केळ्यासारख्या वाकल्या आहेत, कारण एकाच कुशीवर वाळवल्या. कुंभारकाकांनी स्वतःच उपाय काढला : साचा दहावा हिस्सा मोठा करायचा आणि ओल्या विटा रोज सकाळी पालथ्या करायच्या. दुसऱ्या भट्टीचे पैसे ते घेईनात, मी निम्मे दिले. वाकड्या विटा फेकल्या नाहीत, कुटून सुरखी करायला ठेवल्या. पुढं त्या फार उपयोगी पडल्या.

विटांची वाट बघण्यात जानेवारीचा उरलेला महिना गेला. हे काम करणाऱ्यानं विटा सगळ्यांत आधी सांगाव्यात, बाकी सगळं नंतर.

५ फेब्रुवारी

भिंती उभ्या करायला आबा आले. आबा जुने गवंडी. त्यांनी धाब्याची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली घरं बांधलीत, पाडलीत, दुरुस्त केलीत. फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : एवढ्या रुंद जागेवर सरळ तुळया टाकून धाबं का नाही केलं? मद्रासकडं साग मिळत नव्हता काय?

साग मिळत होता. पुढं मद्रासेत सागाच्या तुळयांवर विटा रचून सपाट गच्च्या घालायची रीतच पडली. पण हे चर्च किल्ल्यात आहे आणि किल्ला समुद्राच्या काठावर. जहाजावरून किंवा जमिनीवरून तोफ डागली की गोळा छतावर येणार. तुळई मोडली की सगळा खण खाली, आणि आग लागली तर विचारायलाच नको. चर्चचा आराखडा किल्ल्याच्या तोफखान्यातल्या गोलंदाजानं केला असावा असं मानलं जातं. मला ते पटतं. छताकडं बघून बांधणाऱ्याला गोळ्याची भाषा येत होती हे दिसतं.

आबा म्हणाले, "लाकूडच नई शे, ते जळी काय?" हे वाक्य दालनातल्या फलकावर मोठ्या अक्षरात घालणार आहे, अहिराणीतच.

११ फेब्रुवारी

चुना बसत नाही. दुकानातून भिंती पांढऱ्या करायला वापरतात त्या चुन्याची पिशवी आणली होती. भिंतीचे चार थर चढवले, काही दिवस थांबलो, आणि बोट लावलं की सांधा भुकटी होऊन पडतो. आबांनी पिशवीतली चिमूट पाण्यात टाकून दाखवली : ना फसफस, ना ऊब. चुना मेलेला. उघड्या पोत्यात पडून राहिलेला चुना हवेनंच मरतो, मग त्यात सांधायची ताकद उरत नाही.

धुळ्याहून कळीचा चुना आणवला, १० किलो, भाड्यासकट ४२० रुपये. तो घरी विरवताना, म्हणजे पाण्यात फोडताना, पाणी उकळतं आणि कढत शिंतोडे उडतात. डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे, लोखंडी घमेलं. प्लास्टिकची बादली वितळते. मुलांना या दिवशी लांब ठेवा. आम्ही विरवलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला, जितका जास्त मुरेल तितका चांगला.

मिश्रण शेवटी हे जमलं : एक भाग मुरलेला चुना, एक भाग बारीक चाळलेली वाळू, एक भाग सुरखी. सुरखीनं चुना लवकर धरतो. सिमेंटचा मोह मलाही झाला, पण सिमेंटनं सगळं एकसंध दगड होऊन जातं आणि मग कमान कमान राहत नाही. भेग कुठं पडते, भार कुठून जातो, हेच तर बघायचं आहे.

१६ फेब्रुवारी

भिंती आणि खांब छताच्या टेकूपर्यंत आले. खांबांच्या दोन ओळी. खऱ्या चर्चमध्ये मधला भाग आणि बाजूचे भाग अशा जाड खांबांनी आणि कमानींनी वेगळे झालेत.

२१ फेब्रुवारी

आज मोडलं. सेंट्रिंगसाठी, म्हणजे कमान धरेपर्यंत खालून आधार देणाऱ्या साच्यासाठी, प्लायवूडचे अर्धगोल कापून त्यावर पत्रा वाकवला होता. प्लायवूड महाग, म्हणून विचार असा की मधलं छत आधी घालायचं, धरलं की साचा काढून तोच कापून बाजूच्या छतांना वापरायचा. मधलं छत झकास झालं. विटा आयताकृती, त्यामुळं वरच्या अंगाला सांधे फाकतात. तिथं आबांनी विटेच्या चिपा ठोकल्या. माथ्याची वीट ठोकून बसवली तेव्हा आम्ही दोघंही खूश.

साचा खाली सरकवायला घेतला आणि आबांनी हात वर केला. "सर, भित बाहेर जाई राहिनी." खांबांच्या ओळी दोन्हीकडं बाहेर कलत होत्या. साचा परत वर दाबेपर्यंत माथ्यावर खालून भेग आणि दोन्ही खांद्यांवर वरून भेग, एकदम. मग मधला पट्टा विटांसकट बसला.

धाब्याचं छत सरळ खाली वजन टाकतं. कमान खालीही टाकते आणि बाजूलाही रेटते. मधल्या छताच्या रेट्याला अडवायला बाजूची छतं हवीत, ती अजून घातलीच नव्हती. खऱ्या चर्चमध्ये मधल्या छताला बाजूच्या दोन छतांचा आधार आहे, त्यांना बाहेरच्या ४ फुटी भिंतींचा. त्या भिंती एवढ्या जाड का, याचं निम्मं उत्तर तोफगोळा असेल; निम्मं उत्तर आज आमच्या टेबलावर पडलं.

गेलं : जवळजवळ निम्म्या विटा, सगळा मुरलेला चुना आणि पंधरवड्याचं काम. विटा पाण्यात टाकून सांधे खरवडून बऱ्याच वाचवल्या. चुन्याचा हा फायदा, सिमेंट असतं तर एकही वाचली नसती.

२७ फेब्रुवारी

काम बंद होतं म्हणून आबांना घेऊन थाळनेरला गेलो. तारीखही तीच, १८१८ मध्ये याच दिवशी किल्ला पडला. शरण येण्याच्या बोलण्यात दरवाज्यात गोंधळ झाला, इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतली शिबंदी कापून काढली गेली. किल्लेदार तुळशीराम मामांना हिस्लॉपनं फाशी दिलं. तापीच्या कडेला उरलेल्या तटाजवळ उभं राहून हे वाचलं की मद्रास लांब वाटत नाही.

पण आबांना बघायच्या होत्या त्या फारुकी सुलतानांच्या कबरी. थाळनेर ही फारुकींची सुरुवातीची राजधानी; इथल्या घुमटांतही लाकूड नाही. अष्टकोनी कबरीच्या आत आबा जमिनीवर उताणे पडून बराच वेळ वर बघत राहिले. उठले ते एवढंच बोलले की घुमट चहूकडं रेटतो, म्हणून भिंत चहूकडून सारखी जाड. आपलं छत दोनच बाजूंना रेटतंय, म्हणून तिथंच धरायला हवं. मला पुस्तकातून हे इतकं स्वच्छ कधी उमगलं नव्हतं.

८ मार्च

तिन्ही छतांना वेगवेगळे साचे केले. प्लायवूड १,१५० रुपये. वाचवायचे नव्हतेच. प्रत्येक साच्याखाली लाकडी पाचरींच्या जोड्या, म्हणजे साचा एकदम न निघता केसाकेसानं खाली येईल. पत्र्यावर जुन्या वर्तमानपत्राचा ओला कागद, त्यामुळं चुना पत्र्याला चिकटत नाही.

२२ मार्च

तिन्ही छतं साच्यावर घालून झाली. आता धरायला सोडायची. इथं खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. दुपारी चुना वरून कडक आणि आतून कच्चा राहतो, बारीक भेगा पडतात. आबांनी गोणपाट भिजवून घातलं, त्यावर केळीची पानं. दिवसातून तीनदा पाणी. वर्गातली मुलं पाळीनं शिंपडतात. सुटीच्या दिवशी शेजारच्या माई येतात.

या रिकाम्या वेळात फलकाचा मजकूर. इथं जरा वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, मोठ्या अक्षरात लग्नं लिहा : रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न याच चर्चमध्ये १७५३ मध्ये झालं, आणि ज्याच्या नावानं अमेरिकेतलं येल विद्यापीठ आहे त्या एलिहू येलचं १६८० मध्ये, चर्च सुरू झाल्यावर लगेच. लोक तेच वाचतील. मी नको म्हटलं. लग्न कुठल्याही छपराखाली लागतं. ती दोन ओळींत येतील, पण फलकाचा मथळा छताचाच राहील.

मथळ्याखाली घेतलेल्या गोष्टी अशा. पाया २५ मार्च १६७८ ला घातला. तो दिवस मेरीला देवदूतानं निरोप दिल्याचा मानतात, म्हणून नाव सेंट मेरी. गव्हर्नर स्ट्रेन्शॅम मास्टरनं पुढाकार घेतला आणि पैसा ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीतून नाही, किल्ल्यातल्या इंग्रजांच्या वर्गणीतून उभा राहिला. २८ ऑक्टोबर १६८० ला चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं आणि १७४९ मध्ये तहात परत दिलं. डिसेंबर १७५८ पासून फेब्रुवारी १७५९ पर्यंत लाली या सेनापतीच्या फ्रेंच फौजेनं किल्ल्याला वेढा घातला, छत टिकलं. वेदीमागचं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतल्यावर लूट म्हणून आणलं असं सांगतात.

२५ मार्च

अंगणातले दगड. फोटोंत दिसतं की चर्चच्या भोवतीची जमीन कोरीव लेखांच्या शिळांनी फरसबंद केलेली आहे. त्यांत एलिझाबेथ बेकरची शिळा १६५२ ची. चर्च १६८० चं आणि अंगणातली शिळा त्याच्याही २८ वर्षं आधीची, हे मुलांनी लगेच पकडलं. "मग आधी इथं काय होतं?"

इथं दफनभूमी नव्हती, ती तटाबाहेर होती. तिथल्या उंच थडग्यांचा आडोसा धरून लालीच्या सैनिकांनी किल्ल्यावर मारा केला. वेढा उठल्यावर इंग्रजांनी ती थडगी पाडली, म्हणजे पुन्हा कुणाला आडोसा मिळू नये, आणि वरच्या शिळा आणून चर्चभोवती अंथरल्या. त्यामुळं त्या शिळांखाली त्या माणसांचे देह नाहीत. येलच्या लहानग्या मुलाचं, डेव्हिडचं थडगं मात्र जुन्या जागीच राहिलं, ती जागा पुढं चेन्नईच्या जुन्या लॉ कॉलेजच्या आवारात आली. पुढं हैदर अलीशी लढाई चालू असताना १७८२ मध्ये यांतल्या काही शिळा उचलून त्यांवर तोफा बसवल्या, त्यात त्या फुटल्या.

या इमारतीचं छत, भिंत, अंगण, चित्र, कशालाही हात लावा, वेढा आणि तोफ निघतेच. म्हणून मला हा काप हवा होता. अंगणाची फरशी आता प्रतिकृतीत घालणार, शहाबादी फरशीच्या तुकड्यांची. मुलं त्यावर सुईनं अक्षरं कोरतील.

१२ एप्रिल

साचे उतरवले. आधी तिन्हींच्या पाचरी एकेक ठोका सैल, मग पुन्हा तिन्ही एकेक ठोका. एकाच छताच्या पाचरी आधी मोकळ्या करायच्या नाहीत, हे लिहून भिंतीवर चिकटवलं होतं. आबा खांबांना ओळंबा लावून बसले. ओळंबा हलला नाही. मधल्या छताच्या माथ्याशी केसाएवढी भेग आली आणि तिथंच थांबली. आबा म्हणाले तेवढी येणारच, छत आपल्या अंगावर उभं राहताना बसतं.

साचे बाहेर काढल्यावर मुलांना आत बघू दिलं. एकानं विचारलं की हे कशानं चिकटलंय. विटा एकमेकींना दाबून उभ्या आहेत, चुना फक्त बैठक देतो. पडलेल्या विटा हातात घेऊन त्यानं ते करून बघितलं.

१५ एप्रिल

भार चाचणी. तेवढ्याच रुंदीचा धाब्याचा नमुना शेजारी केला होता : सागाच्या बारीक पट्ट्यांच्या तुळया, वर कडीपाट, वर पांढरी माती. दोन्हींवर वाळूच्या गोणी. धाब्यानं २० किलोला कुरकुर केली आणि मधली पट्टी तडकली. कमानी छतावर ४० किलो ठेवले, भेग तेवढीच. गोण्या आधी दोन्ही खांद्यांवर आणि मग माथ्यावर ठेवा. नुसत्या एका बाजूला ठेवल्यावर पलीकडचा खांदा उचलल्यासारखा वाटला, ताबडतोब काढल्या.

मग एक किलोचं लोखंडी वजन कमरेच्या उंचीवरून सोडलं. धाब्यातून आरपार गेलं. कमानी छतावर गिलाव्याचा टवका उडाला, एक वीट सैल झाली. छोट्या प्रतिकृतीवरचा हा आघात आणि खरा तोफगोळा यांची बरोबरी करू नका, मुलांनाही आम्ही तसंच सांगितलं. पण कुठलं छत कसं मोडतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. धाबं एका जागी मोडलं की तो सबंध खण जातो. कमानी छताला भोक पडलं तरी शेजारच्या विटा आपापल्या जागी राहतात. वेढ्यांच्या काळात या चर्चचा कोठार आणि निवारा म्हणून वापर झाला तो याच कारणानं.

धाबं वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्या उन्हाला पांढऱ्या मातीच्या धाब्यासारखं थंड छत नाही आणि आपल्या घरांवर कुणी तोफ रोखलेली नव्हती. दोन्ही नमुने शेजारी शेजारीच ठेवणार आहे.

२० एप्रिल

आतून चुन्याचा गुळगुळीत हात. मद्रासचा शिंपल्यांचा चुना संगमरवरासारखा चमकतो असं प्रसिद्ध आहे. आपल्याकडं शिंपले नाहीत. कळीच्याच चुन्याचा बारीक हात देऊन गारेच्या दगडानं घोटलं. चमक बेताची आली, पण पुरे. एक बाजू मुद्दाम गिलाव्याविना उघडी ठेवली, विटांची रचना दिसावी म्हणून.

२ मे

हिशेब. थर्मोकोल ३४०, विटा १,२००, चुना ४२०, आधीच्या मेलेल्या चुन्याचे ९०, प्लायवूड पहिलं ६०० आणि दुसरं १,१५०, पत्रा २८०, वाळू फुकट, सागाच्या पट्ट्या ३५०, फरशीचे तुकडे फुकट, फलकाची छपाई ७००. एकूण ५,१३० रुपये. आबांनी मजुरी घेतली नाही. समितीनं त्यांना टोपी-उपरणं आणि फलकावर नाव दिलं. नव्यानं करणाऱ्याला थर्मोकोल, मेलेला चुना आणि पहिलं प्लायवूड वगळता येईल, म्हणजे ४,१०० रुपयांत होईल. मजुरी द्यायचीच, तिचा आकडा आपापल्या गावच्या दरानं धरा.

सगळ्यात जास्त वेळ चुना मुरण्यात आणि धरण्यात जातो. काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत छतं घालून घ्या. एप्रिलच्या उन्हात चुन्याला पाणी पुरवणं फार जड जातं.

तिन्ही साचे पाचरींसकट शाळेच्या कोठीत कागदात गुंडाळून ठेवलेत. साखरखेर्डा असो की सावदा, कुठल्याही शाळेला हे करायचं असेल तर साचे न्यावेत, वापरावेत, परत आणून ठेवावेत. उतरवताना तिन्ही एकदम, एकेक ठोका.